दारावर लिहिलेलं वजन

४ फेब्रुवारी, रविवार

ही वही वर्कशॉपमधली आहे. प्रत्येक पानावर 'उजवा डोळा' आणि 'डावा डोळा' असे दोन रकाने छापलेत. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम मी अकरा वर्षं करत होते. 'होते' लिहिलं खरं, पण मालकांनी एक एप्रिलपर्यंत माझं टेबल राखून ठेवलंय. तोवर अण्णांची सोय झाली तर मी परत टेबलावर, नाहीतर कायमची या दोन खोल्यांत. दुपारी दोन ते तीन अण्णा झोपतात, तेवढाच वेळ माझा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. डिसेंबरात झटका आला, उजवी बाजू गेली आणि तोंडात एकच शब्द उरला, 'हो'. भूक लागली? हो. पोट भरलं? हो. परवा वैतागून विचारलं, "अण्णा, तुम्हाला खिडकीतून खाली सोडू का?" तर म्हणाले, हो. चिंगी, म्हणजे माझी नववीतली लेक, पोट धरून हसली. मग अण्णाही अर्ध्या तोंडाने हसले.

अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे. तिथल्या बाईंची अट अशी की खंगत चाललेला माणूस घेणार नाही, कारण त्यांच्याकडे डॉक्टर नसतो. दर रविवारी वजन करा, आलेखाच्या कागदावर मांडा, रेषा खाली जाता कामा नये. सतरा मार्चला त्या येऊन बघणार.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अण्णांना खाली न्यायचं तर खुर्चीसकट चार माणसं लागतात, म्हणून वजन घरीच करायचं. त्यांना एकट्याने उभं राहता येत नाही. त्यावर मी तोड काढली. आधी मी एकटी काट्यावर उभी राहिले, ६१ किलो. मग अण्णांना माझ्या पावलांवर उभं केलं, कमरेला मिठी मारली, चिंगीने वाकून आकडा वाचला, १०८. त्यातून ६१ वजा, अण्णा ४७. मी स्वतःवरच खूश झाले. दर वेळी शोधाशोध नको म्हणून काट्यामागच्या दारावर स्केचपेनने ठसठशीत लिहून ठेवलं, 'मी ६१'.

अण्णांनी ते वाचलं आणि डाव्या हाताने हवेत पुसल्यासारखं केलं. दार खराब केलेलं आवडलं नसणार.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज अण्णा सारखे काट्याकडे बोट दाखवत होते. सवय जात नाही माणसाची. चौतीस वर्षं ते ट्रकच्या वजनकाट्यावर होते. भरलेली गाडी आली की वजन, माल उतरवून निघाली की पुन्हा वजन, दोन्हींतला फरक तो माल.

लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा त्यांचा डबा घेऊन गेले होते. एक ड्रायव्हर हुज्जत घालत होता. म्हणत होता, "रिकाम्या गाडीचं वजन दारावरच रंगवलंय ना साहेब, तेच धरा की! कशाला परत रांगेत उभं करता?" अण्णा शांतपणे म्हणाले, "दारावर रंग बोलतो. मला गाडी पाहिजे." ड्रायव्हर शिव्या घालत रांगेत गेला. इतका आडमुठा सासरा आपल्या वाट्याला आला म्हणून मी तेव्हा मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता.

११ फेब्रुवारी, रविवार

दोघं मिळून १०७.६. म्हणजे अण्णा ४६.६. चारशे ग्रॅम गेले.

चिंगी म्हणाली, "आई, घाबरू नकोस, दोनच बिंदू आहेत." शाळेत तिचा नेमका हाच धडा चाललाय, रेषेचा चढ. तिने मला समजावलं. कागदावर डावीकडून उजवीकडे चालत जायचं. चढावं लागलं तर चढ धन, उतरावं लागलं तर चढ ऋण, सपाट असेल तर शून्य.

"उतरावं लागलं तर तो उतार ना?"

"नाही, तोही चढच. पण ऋण."

"उताराला चढ म्हणायचं आणि वर ऋण म्हणायचं? कोणी शोधून काढलं हे?"

"अगं, तुमच्याकडे नाही का मायनस नंबर असतो?"

तिथे मात्र पोरीने मला बरोबर पकडलं. मायनसची काच म्हणजे वाईट काच नव्हे, लांबचं नीट दिसायला तीच लागते, हे मीच रोज गिऱ्हाइकांना सांगायचे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांचं खाणं वाढवायचं ठरवलं. दोन वेळा मऊ भात, दुपारी केळं, सकाळी अंडं, झोपताना दूध. माझं अंडंही त्यांनाच दिलं. मला तसंही सकाळी काही जात नाही, चहावर भागतं. दुपारी त्यांना भरवता भरवता माझं अन्न गार होतं आणि गार भात घशाखाली उतरत नाही. कोण परत गरम करत बसणार?

१८ फेब्रुवारी, रविवार

१०७.१. अण्णा ४६.१.

चढ कसा मोजायचा तेही शिकले. उभा बदल भागिले आडवा बदल. दोन आठवड्यांत ०.९ खाली, म्हणजे आठवड्याला उणे ०.४५. चिंगीने गुळगुळीत पट्टी लावून रेषा ओढली. इतकी सरळ रेषा, की बघवेना.

खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीत कोणी पडदे धुतलेत ते बघितलं. चिंगी म्हणते, अगदी उभ्या रेषेला चढ काढताच येत नाही, कारण आडवा बदल शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही. मी खिडकीच्या गजांकडे बघितलं आणि म्हटलं, हे बरं आहे, यांना काही विचारायलाच नको. ती हसली नाही. "आई, तू खाली कधी गेली होतीस?" म्हणाली. आठवेना. दूधवाला वर येतो, भाजी चिंगी आणते, कचरा दारातून जातो. एकवीस दिवस झाले बहुतेक.

२५ फेब्रुवारी, रविवार

१०६.७. अण्णा ४५.७.

आता कागदावर दोन रेषा आहेत. चिंगीने अण्णांच्या चमच्यांचा हिशोबही मांडला. पहिल्या आठवड्यात रोज चाळीस चमचे, आता एकाहत्तर. ती रेषा झपझप वर जाते आणि वजनाची खाली. मधे एकमेकींना कापतात. "एकीचा चढ धन, एकीचा ऋण," चिंगी म्हणाली, "पण आई, जातंय कुठे हे सगळं?"

ताईंचाही तोच प्रश्न, फक्त सूर वेगळा. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. दर रविवारी संध्याकाळी फोन करतात. "अगं, खायला घालतेस ना नीट? का नोकरीच्या नादात अर्धपोटी ठेवतेस माझ्या बापाला?" मी म्हटलं, "ताई, एकाहत्तर चमचे मोजून घातले." "चमचा केवढा आहे?" म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. मग चमच्याचा फोटो पाठवला. चांगला मोठा चमचा आहे.

३ मार्च, रविवार

१०६.१. अण्णा ४५.१.

नवरा आला होता. पुलाच्या बांधकामावर आहे, पंधरा दिवसांनी एक दिवस येतो आणि त्यातला अर्धा झोपतो. आलेख उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "नोकरीचं राहू दे आता. अण्णांची ही अवस्था." मी विचारलं, "आणि मी?" तर म्हणाला, "तू आहेस म्हणून तर निर्धास्त असतो." वाईट नाही तो. पण मला त्या वाक्यात दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

जाताना म्हणाला, "गाऊन नवा का? बराच ढगळ घेतलास." नवा कसला, चार वर्षांचा आहे. धुऊन धुऊन सैल पडलाय. अंगठीही भांडी घासताना दोनदा निसटली, साबण फार बुळबुळीत आलाय या वेळी. काढून डबीत ठेवली.

५ मार्च, मंगळवार

अंघोळ घालताना अण्णा जड लागले. थकल्यावर सगळंच जड लागतं.

१० मार्च, रविवार

१०५.७. अण्णा ४४.७.

आज त्यांच्यावर चिडले. तीन दिवस हे चाललंय. चमचा तोंडाशी नेला की डाव्या हाताने धरतात आणि माझ्या तोंडाकडे वळवतात. अर्धं अंडं माझ्या गाऊनवर सांडलं. "अण्णा, तुम्ही खाल्लं नाहीत तर मी मेले," मी म्हटलं. "हो," म्हणाले. आणि डोळ्यांत पाणी. झटक्यानंतर माणसं उगाच रडतात, असं व्यायाम शिकवायला येणारा सांगत होता.

काट्यावर उभं असताना त्यांचा डावा हात माझ्या पाठीवर असतो. हल्ली तो स्थिर नसतो. बोटं एकेका बरगडीवरून खाली खाली येतात, काळोखात जिन्याच्या पायऱ्या चाचपाव्यात तशी. पडायची भीती वाटत असणार. मी आणखी घट्ट धरते.

१४ मार्च, गुरुवार

खरं तेच लिहिते, ही वही कोण वाचणार आहे?

आज दुपारी एक दुष्ट विचार आला. दारावर 'मी ६१' लिहिलंय. त्या जागी 'मी ५७' लिहिलं तर? सगळ्या वजाबाक्या बदलतील, अण्णा बसल्या जागी चार किलोंनी वाढतील. नुसतं एवढ्याने रेषा फक्त वर सरकेल, चढ तोच राहील, हेही मला कळलं. चिंगीची शिकवणी फुकट गेली नाही. म्हणजे दर आठवड्याला मला स्वतःला थोडं थोडं कमी करत न्यावं लागेल. पहिल्या रविवारी ६१, मग ६०, मग ५९, असं. की झाली रेषा धन. केंद्राच्या बाई काही मला उचलून बघणार नाहीत.

स्केचपेन हातात घेतलं. मागे अण्णा झोपले होते. चौतीस वर्षांत एक खोटी चिठ्ठी फाडली नाही या माणसाने, आणि त्याच्याच घरात मी खोटं वजन लिहिणार? पेन परत चिंगीच्या दप्तरात टाकलं. लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, मोहही तेवढाच होता.

१७ मार्च, रविवार

१०५.२. अण्णा ४४.२. सहा आठवड्यांत २.८ किलो.

केंद्राच्या बाई अकराला आल्या. बिचाऱ्या जिना चढून धापा टाकत होत्या. कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला (डावी काच जराशी वाकडी बसलीय, कोणी बसवली कोण जाणे) आणि रेषेवरून बोट फिरवलं.

"आठवड्याला अर्धा किलो जातोय. सॉरी, मी नाही घेऊ शकत. यांना हॉस्पिटलात दाखवा. नळी घालावी लागेल बहुतेक."

"दिसायला तसे बरे आहेत हो," मी म्हटलं. "गाल बघा ना."

बाईंनी गाल बघितले. "हो, तोंडावर तेज आहे. पण रेषा खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे जरा रोखून बघून म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

अण्णा इतका वेळ काट्याकडे, दाराकडे आणि माझ्याकडे हात करत होते. त्यांचा आवाज चढला, "हो! हो! हो!" बाईंना वाटलं, ते नळीला कबूल आहेत.

१९ मार्च, मंगळवार

मालकांना फोन केला. म्हटलं, माझं टेबल देऊन टाका कोणालाही. ते म्हणाले, "एक तारखेपर्यंत थांबलो असतो हो." मी म्हटलं, नको, तुमचा खोळंबा कशाला?

खिडकीजवळचं टेबल. सकाळी ऊन काचांच्या ट्रेवर पडायचं आणि छतावर ठिपके नाचायचे. अकरा वर्षं बघितलं, कधी कोणाला सांगितलं नाही. आज इथे लिहून ठेवते.

२१ मार्च, गुरुवार

काही नाही. भात, केळं, दूध, अंथरूण, भात.

२४ मार्च, रविवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

खरं म्हणजे आज वजन करायची गरजच नव्हती. कोणाला दाखवायचंय? पण अण्णांनी सकाळपासून काट्याचा धोशा लावला. केलं. १०४.९. म्हणजे ४३.९. चिंगीने कागदावर टिंब दिलं.

मग मी त्यांना खुर्चीत बसवायला वळले तर सोडेनात. माझी बाही डाव्या मुठीत धरली आणि काट्याकडे ओढायला लागले. मी म्हटलं, "झालं अण्णा, झालं वजन." पुन्हा ओढलं. मी बाही सोडवली, त्यांनी पदर धरावा तसा गाऊन धरला. आणि माझा बांध फुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांवर ओरडले.

"काय पाहिजे तुम्हाला? नोकरी गेली, खाली उतरणं गेलं, आणखी काय देऊ? काट्यावर उभी राहू? घ्या, राहिले उभी! बघा!"

अण्णांनी गाऊन सोडला. चिंगी वाकली आणि म्हणाली, "आई, हलू नकोस."

"का?"

"पंचावन्न."

मी म्हटलं, काटा बिघडलाय. मग एकदम मनात आलं, काटा बिघडला असेल तर सगळेच आकडे खोटे! चिंगीने दहा लिटरचा पाण्याचा कॅन रिकामा ठेवून बघितला, भरून ठेवला. दहा किलोंचा फरक, ग्रॅमभरही इकडेतिकडे नाही. मी पुन्हा उभी राहिले. ५५.०.

चिंगीने दाराकडे बघितलं. 'मी ६१'. मग कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. १०४.९ वजा ५५.

"आई," ती म्हणाली, "आजोबा एकोणपन्नास पॉइंट नऊ आहेत."

मी खाली जमिनीवरच बसले. सात आठवडे जी रेषा खाली जाताना बघून मी रडले, ती माझी होती. अण्णा वाढत होते आणि मी त्यांच्या नावावर घटत होते. दारावर वजन रंगवून ठेवणारी ड्रायव्हर मीच. आणि ज्याने जन्मभर रिकामी गाडी काट्यावर चढवल्याशिवाय कोणाला सोडलं नाही, तो माणूस पहिल्या दिवसापासून मला हात करून सांगत होता. त्याला तर आकडाही लागला नाही. माझ्या पाठीवर त्याला सगळं मोजता येत होतं.

"अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," म्हणाले. या खेपेला विचारून झाल्यावर क्षणभर थांबले आणि मग म्हणाले.

२५ मार्च, सोमवार

मालकांना फोन केला. टेबलावर बुधवारपासूनच एक नवी मुलगी बसलीय. हुशार आहे, म्हणाले. मी पाच दिवस थांबले असते तर! हे आता किती दिवस मनात घोळणार कोण जाणे. काचांना पॉलिश करायला माणूस हवाय, उभ्याचं काम, मागच्या खोलीत, खिडकी नाही. मी म्हटलं, अण्णांची सोय झाली की येते.

चिंगीने नवा आलेख केला. मधल्या रविवारचं माझं वजन कोणी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते सगळे बिंदू बाद. उरले दोन, चार फेब्रुवारीचा आणि कालचा. मी म्हटलं, एवढ्याने काय होणार? ती म्हणाली, "सरळ रेषेला दोन बिंदू पुरतात, आई." अण्णांची रेषा, आठवड्याला अधिक ०.४. त्याच कागदावर तिने न विचारता दुसरी रेषा काढली, ६१ पासून ५५ पर्यंत, आठवड्याला उणे ०.८६. मग पट्टी तशीच पुढे धरून पेन्सिलीने तुटक रेषा ओढत राहिली, एप्रिल, मे, जून. जूनपाशी तिने पट्टी काढली आणि माझ्या गळ्यात पडली. नववीची पोर, इतकी मोठी झालीय.

२७ मार्च, बुधवार

केंद्राच्या बाईंनी कागद फोटोत बघितला. विचारलं, "दुसरी रेषा कोणाची?" सांगितलं. मग म्हणाल्या, "यांना सोमवारी पाठवा. आणि दुसऱ्या रेषेला आज डॉक्टरकडे पाठवा."

चिंगी अण्णांपाशी बसली आणि मी जिना उतरले. अठ्ठावीस पायऱ्या. मधल्या मजल्यावर दोन मिनिटं पायरीवरच टेकले. डॉक्टर म्हणाल्या रक्त कमी आहे, इतर तपासण्या चार दिवसांत कळतील, तोवर जेवा. बसून जेवा, असं वेगळं सांगितलं. मी उभी राहून जेवते हे त्यांना कसं कळलं?

ताईंना कळवलं. दोन्ही वजनं परत परत विचारून घेतली. मग म्हणाल्या, "तुला कोणी भरवत नाही का गं?" उत्तर अण्णांना ठाऊक होतं, पण ते फोनवर फक्त हो म्हणतात.

३१ मार्च, रविवार

आता आधी मी, मग दोघं. मी ५५.३. दोघं १०५.५. अण्णा ५०.२.

दुपारी त्यांनी चमचा माझ्याकडे वळवला. मी तोंड उघडलं. गार भात होता, गिळला. एक त्यांना, एक मला, असे चाळीस झाले.

डॉक्टरांचा फोन उद्या येणार आहे.

१ एप्रिल, सोमवार

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा संपवला, बसून. डॉक्टरांचा फोन अजून यायचाय.

सकाळी आठला केंद्राची चार माणसं आली. अण्णांना खुर्चीत बांधलं, एक-दोन-तीन म्हणून खुर्ची उचलली. दारापाशी आले आणि अण्णांनी डाव्या हाताने चौकट धरली. सुटेना. एक जण म्हणाला, "आजोबा, घाबरू नका, संध्याकाळी परत आणतो." मी म्हटलं, "घर सोडवत नाहीये त्यांना." चिंगीने मात्र त्यांची नजर बघितली आणि धावत जाऊन काटा आणला. दारातच ठेवला.

"अहो, उशीर होतोय," माणसं म्हणाली.

मी काट्यावर चढले. अण्णांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. चपला! त्या काढून पुन्हा चढले. चौघं खुर्ची पेलून घाम गाळत उभे, चिंगी वाकलेली, आणि जिन्यात हा सगळा खोळंबा.

"पंचावन्न पॉइंट सहा," चिंगी ओरडली.

कालच्यापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं ते रिकामी होऊन निघालेल्या गाडीकडे बघायचे. मग चौकटीवरचा हात काढला आणि तोच हात पुढे करून मला वाट दाखवली. आधी मी. माझ्या मागून त्यांची खुर्ची.

"हो," म्हणाले.